फळीवरून फिरवलेला हात

मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि मागच्या खोलीत लाकडाच्या नादाला लागले. अंगावर कायम भुसा, म्हणून गल्लीत त्यांना भुसामास्तर म्हणत. त्यांना राग येत नसे. खोटं कुठे होतं?

पण हल्ली मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली होती. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या. बायकोला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. सांगितलं की डॉक्टर आला, आणि डॉक्टर आला की मागच्या खोलीला कुलूप आलं. त्या खोलीशिवाय दिवस कसा जायचा?

हातरंध्यात पातं बसवताना बोट नेमकं कुठे आहे ते डोळ्यांनी बघावं लागू लागलं, तेव्हा त्यांनी थिकनेस प्लेनर घ्यायचं ठरवलं. त्यात फळी एकीकडून आत जाते, रूळ तिला ओढतात, वरची पाती तिला सारख्या जाडीची करतात आणि ती पलीकडून बाहेर येते. बोटांना पात्याजवळ जायची गरजच नाही. बायकोला मात्र त्यांनी खांद्याचं दुखणं सांगितलं.

"मशीन माझ्या घरात येणार, तर मीही बघणार," म्हणत तीही दुकानात आली.

दुकानदाराने दोन मशीनं दाखवली. मास्तरांनी आवाजाचं विचारलं, वजनाचं विचारलं, फळीचं टोक खाल्लं जातं का तेही विचारलं. पुन्हा आवाजावर आले.

"अहो, ताकाला जाऊन भांडं काय लपवताय?" बायको म्हणाली. "नक्की काय हवंय ते सांगा की त्यांना!"

ती चेष्टा करत होती, पण चोराच्या मनात चांदणं.

"हात... हात आत जायची भीती नाही ना?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"छे हो काका! आणि हातच्या काकणाला आरसा कशाला? चालवूनच दाखवतो." दुकानदाराने एक खडबडीत फळी आत घातली. मशीन गरजलं. फळी पलीकडून पांढरीस्वच्छ होऊन आली. "बघा हात फिरवून."

मास्तरांनी सवयीने तीच दोन बोटं फळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. चाळीस वर्षं कागदाचा पोत ज्या बोटांनी ओळखला, तीच ही बोटं. त्यांनी मान डोलावली.

"वा! एकदम गुळगुळीत. हेच देऊन टाका."

"थांबा जरा," म्हणत बायकोनेही तळवा टेकवला. मधोमध आल्यावर तिचा हात अडखळला. "हे काय आहे? मधे रेघ लागतेय की हाताला."

"बरोबर धरलंत काकू," दुकानदार ओशाळून हसला. "दाखवायचं मशीन आहे हे, पात्याला टवका गेलाय. टवका असला की फळीवर तेवढी बारीक वरंब्यासारखी रेघ उठते. डोळ्याला दिसत नाही, बोटाला मात्र लगेच कळते. तुम्हाला नवीन पाती घालून देतो."

बायकोने मशीनकडे पाहिलंच नाही. ती मास्तरांकडे बघत होती. लाकडी चमच्याची कडा जरा खरखरीत राहिली तरी पुन्हा घासायला घेणारा हा माणूस.

"चष्मा नाही ना आणला," मास्तर घाईने म्हणाले. बोटाने बघायच्या गोष्टीला चष्म्याची सबब, हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

जवळ येऊन तिने त्यांचा तोच हात हातात घेतला. चला, निभावलं, असं मास्तरांना वाटलं. हलक्या झालेल्या मनाने ते दुकानदाराला विचारू लागले, "पाती बदलणं घरच्या घरी जमतं का हो? धार लावून मिळते? का दरवेळी नवीनच..."

दुकानदार खाली कुठेतरी बघत होता. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, तर तिचे डोळे भरून आलेले.

"अगं, काय झालं?"

त्यांनी तिच्या नजरेमागून नजर खाली नेली. तिच्या अंगठ्याचं नख त्यांच्या बोटाच्या पेरात खोल रुतलेलं होतं.