रुमाल चालत नाही

दाक्षायणीनं निळी फाइल तिसऱ्यांदा पलंगावर उलटी केली. थायलंडच्या दूतावासाचं प्रवेशपत्र होतं, विम्याचा कागद होता, बँकॉकच्या हॉटेलात पंधरा दिवस स्वतःला कोंडून घेण्याची पावती होती. डॉक्टरांचा प्रवासाला हरकत नसल्याचा दाखला होता, कालच हाती आलेला निगेटिव्ह रिपोर्टही होता. पासपोर्ट तेवढा नव्हता. पुण्याला नेणारी गाडी अकराला येणार होती आणि साडेदहा वाजून गेले होते.

तिनं उशीखाली पाहिलं, देवघरात पाहिलं, आणि घाबरलेलं माणूस कुठंही बघतं तसं तांदळाच्या डब्यातही हात घालून पाहिलं. शेवटी जिन्याच्या तळाशी जाऊन तिनं वर हाक मारली.

“अव्वा! माझा पासपोर्ट पाहिलास का गं?”

गच्चीवरच्या खोलीत खाट कुरकुरली. मग दाराआडून आईचा, काशम्मांचा, आवाज आला.

“परस्थानाला ठेवलाय की.”

“कशाला?”

“परस्थानाला. निंगव्वाकडं. सोमवारीच नेऊन ठेवलाय.”

दाक्षायणी होती तिथंच पायरीवर बसली. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या गल्लीत निंगव्वाचं घर बरोबर समोर होतं, आणि त्या घराच्या फाटकाला मंगळवारपासून महापालिकेचे पत्रे ठोकलेले होते. निंगव्वाला करोना झाला होता.

प्रस्थान ठेवणं काशम्मांच्या घरी नवं नव्हतं. निघायचा दिवस आणि चांगला मुहूर्त जुळेना, तर मुहूर्तावर प्रवाशाची एखादी वस्तू हळदकुंकवासकट बांधून शेजाऱ्याकडं नेऊन ठेवायची. मग माणूस घरात बसून चहा पीत असलं तरी निघालंच असं धरतात. खरोखर निघताना ते गाठोडं शेजाऱ्याच्या दारातून उचलायचं आणि पुन्हा घरात पाऊल न टाकता पुढं जायचं. अधिक महिन्यात लांबच्या प्रवासाला निघू नये असं काशम्मांचं म्हणणं होतं. विमानकंपनीचं असं काही म्हणणं नव्हतं. तेव्हा मठातल्या अय्यांना, म्हणजे स्वामींना, विचारून काशम्मांनी सोमवारी सकाळी आठची वेळ काढली होती. हे सगळं दाक्षायणीला ठाऊक होतं. गाठोड्यात काय बांधलं ते विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

“अगं, रुमाल ठेवायचा असतो!” ती ओरडली. “नाहीतर सुपारी!”

“मागच्या दोनी खेपेला रुमालच ठेवला न्हवं? जुलैत ठेवला, विमान रद्द झालं. ऑगस्टात ठेवला, कागद परत आला. रुमाल न्हाई गेला तर कुणाचं काय अडतंय? ज्याच्याबिगर पाऊल हालत न्हाई ते ठेवाय पायजे. रुमाल चालत न्हाई.”

दाक्षायणी पंधरा वर्षं शाळेत गणित शिकवत होती, पण आईच्या या हिशेबात तिला चूक काढता येईना. वर अडकित्त्याचा कट् कट् आवाज सुरू झाला. सुपारी कातरायला घेतली म्हणजे काशम्मांच्या बाजूनं विषय संपला.

मार्चमध्ये ती वडिलांच्या पहिल्या पुण्यस्मरणासाठी दहा दिवस म्हणून आली होती. नवरा अमृत आणि सहा वर्षांची काव्या थायलंडातल्या चिआंग माईलाच राहिले. तिकडं अमृत फळांच्या कारखान्यात होता, हिची शाळा होती, भाड्याच्या घरापुढं तिनं लावलेला कढीपत्ता होता. मग थायलंडनं दारं लावून घेतली आणि अकरा वर्षं तिथं राहिलेली दाक्षायणी एका दिवसात परकी झाली. सात महिने ती कागद जमवत होती. एक कागद मिळाला की दुसऱ्याची मुदत संपायची. काव्याचे पुढचे दोन दात पडले, नवे आले, ते तिनं फोनच्या काचेवर पाहिले. अलीकडं पोरगी फोनवर दोन मिनिटांत कंटाळायची. गेल्या आठवड्यात तर ती सगळं थाईतच बोलली आणि “बाय” म्हणून पळाली.

आज गाडी चुकली तर पुण्याहून दिल्लीचं विमान चुकणार, मग तिथून बँकॉकला जाणारं ते एकच खास विमान. आणि रिपोर्टची मुदत तर तासांवर होती.

तरी पासपोर्टापेक्षा तिला खुपत होतं ते वेगळंच. सोमवार संध्याकाळपासून काशम्मा खाली उतरल्या नव्हत्या. “अधिकाचा नेम धरलाय,” असं म्हणून त्यांनी अंथरूण वर नेलं होतं. “मला शिवायचं न्हाई. ताट पायरीवर ठेवत जा.” असला नेम त्यांनी जन्मात धरला नव्हता. दाक्षायणीला कारण माहीत होतं. रविवारी जेवताना त्या सहज म्हणाल्या होत्या, “एवढं ऱ्हायलीस, आता दिवाळी करून जा की.” आणि ती फटकन बोलून गेली होती, “माझं घर तिथं आहे अव्वा. इथं मी अडकलेय.”

अडकलेय. तो शब्द तोंडातून बाहेर पडला तेव्हाच तिला परत गिळावासा वाटला होता. काशम्मा तिच्या भाकरीवर लोणी वाढून उठल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर जाऊन बसल्या. जावयाला अधिकाच्या वाणाचे तेहेतीस अनारसे पाठवायचे म्हणून आठ दिवस आधी त्यांनीच पीठ मुरत घातलं होतं, तेही “तूच तळ” म्हणून सांगितलं. दाक्षायणीनं तळले. निम्मे तेलात हसले, म्हणजे विरघळून पसरले, आणि तिला रडू आलं.

तिनं बॅगा ओढत फाटकाबाहेर आणल्या, दार लोटलं आणि गल्ली ओलांडली.

“निंगव्वामावशी!”

पत्र्यापलीकडं स्टूल सरकल्याचा आवाज झाला आणि निंगव्वाचं डोकं वर आलं. मास्कवरचे डोळे खोल गेलेले, पण हसरे.

“लांब उभी ऱ्हा गं बाई. निगालीस?”

“तब्येत कशी आहे?”

“ताप उतरला की. तोंडाला चव तेवढी न्हाई. सुनंला म्हणलं, तुझ्या हातचं जेवायला हीच येळ चांगली.” ती हसता हसता खोकली. “थांब, गाठुडं देते. देवाम्होरं ठेवलंय. फवारा मारलाय त्याच्यावर चारदा.”

शेवग्याच्या शेंगा पाडायच्या आकडीला लटकून ते गाठोडं पत्र्यावरून हलत हलत इकडं आलं. हळदीनं पिवळी झालेली खणाची गाठ दाक्षायणीनं सोडली. सुपारी, हळकुंड, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत पासपोर्ट. तिनं तो छातीशी धरला आणि मोठा श्वास सोडला.

“आयवर रागावू नको,” निंगव्वा म्हणाली.

“मी कुठं रागावलेय? तीच रुसलीय. सोमवारपासून खाली आली नाही, की माझं तोंड पाहिलं नाही.”

निंगव्वानं आकडी पत्र्याला टेकवून ठेवली.

“तुला सांगितलं न्हाई व्हय अजून?”

“काय?”

“सोमवारी ही गाठुडं घिऊन आली ती दोन तास बसली माज्यापशी. एका ताटात चुरमुरं खाल्लं आमी. तू चाललीस म्हणून रडली, मग मी रडले. सांजच्याला मला ताप भरला. पयला फोन तिलाच केला. म्हणली, दाक्षाला बोलू नगंस, कळलं तर ती विमान सोडती. आन् फोन ठिवून तशीच अंथरूण घिऊन वर गेली.”

दाक्षायणी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. पायरीवर ठेवायला सांगितलेली ताटं तिला आठवली. आईनं स्वतः न तळलेले अनारसे आठवले. गुरुवारी ती दाखला आणायला निघाली तेव्हा, “जिन्याचा कठडा फडक्यानं पुसून घे,” असं वरून आईनं तीनदा बजावलं होतं, आणि ती चिडली होती. चार दिवस आईला तिनं रुसकी म्हटलं, मनात म्हटलं, अमृतला फोनवरही सांगितलं. लाजेनं तिचे कान तापले.

तिनं वर पाहिलं. काशम्मा गच्चीच्या कठड्याशी उभ्या होत्या, नाकावर पदर घट्ट धरून.

“अव्वा, तुला काही होतंय का?”

“कायबी न्हाई. काल तू डॉक्टरकडं गेल्तीस तवा पालिकेच्या पोरी आल्त्या. नाकात काडी घातली, कायबी निगालं न्हाई. पर चौदा दिवस वरच ऱ्हा म्हणल्या. शेजारची ती संस्कृती डबा देती म्हणलीय. तू जा.”

“मला सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर गेली असतीस?”

दाक्षायणी दार ढकलून धावत वर जाणार होती, पाऊल उचललंही होतं, तेवढ्यात काशम्मा ओरडल्या.

“हां! परस्थान हातात हाय. माघारी उंबऱ्यात पाय घालायचा न्हाई.”

ती थांबली. तिच्या एका हातात ते पिवळं फडकं होतं.

“रविवारी बोलले ते…”

“खरंच बोललीस. अडकलीच हुतीस की.” काशम्मांनी पदर सारखा केला. “मीच खोटी हुते. जुलैत रुमाल ठेवला तवा मनात म्हणलं, रद्द झालं तर बरं हुईल. ऑगस्टातबी तेच. मग मागल्या आठवड्यात काव्या फोनवर बोलली, मला एक शबुद कळला न्हाई. माझी नात, आन् मला कळंना. तवा म्हणलं, आता खरं परस्थान ठेवाय पायजे.”

कोपऱ्यावर पांढरी गाडी वळली. ड्रायव्हर उतरून बॅगा डिकीत टाकू लागला. दाक्षायणीनं गल्लीतूनच वाकून नमस्कार केला, उठली, गाडीच्या दारापर्यंत गेली आणि परत फिरून गच्चीखाली येऊन उभी राहिली.

“अव्वा, टोपली सोड.”

टाळेबंदीत हातगाडीवरची भाजी वर घ्यायला काशम्मांनी दोरी बांधलेली एक टोपली केली होती. ती खाली आली.

“काय देतीस?”

“मी नाही. तू दे. तुझी एखादी वस्तू.”

“कशाला?”

“परस्थानाला. चिआंग माईत ठेवते, आमच्याकडं.”

अकरा वर्षं काशम्मांना बोलावणं होतं आणि अकरा वर्षं त्यांच्याकडं उत्तरं तयार होती. तिथं मासळीचा वास, तिथं ज्वारी नाही, तिथं बोलायचं कुणाशी. वडील होते तेव्हा त्यांचं जेवण, आणि ते गेल्यावर घराला कुलूप कसं लावायचं. दोरी सावकाश वर गेली. थोड्या वेळानं टोपली खाली आली, तेव्हा तिच्यात चार घड्या केलेला एक पांढरा रुमाल होता.

दाक्षायणीनं तो पाहिला, टोपलीत परत ठेवला आणि दोरीला दोन हिसके दिले.

“रुमाल चालत नाही,” ती म्हणाली.

पत्र्यापलीकडून निंगव्वाचं हसणं ऐकू आलं. टोपली पुन्हा वर गेली आणि काशम्मा कठड्यापासून दिसेनाशा झाल्या. ड्रायव्हरनं घड्याळ पाहिलं, एकदा हॉर्न वाजवला. निंगव्वानं पत्र्यावरून त्याला असा काही दम दिला, की त्यानं पुन्हा हॉर्नला हात लावला नाही.

टोपली या वेळी दोरी ताणत खाली आली. फडक्यात काहीतरी जड होतं. दाक्षायणीनं उलगडलं. पितळी अडकित्ता. सॅनिटायझरमध्ये बुचकळून काढलेला होता, तरी त्याच्या पात्यांना सुपारीचा वास येत होता. ती इथं असताना दुपारी आणि संध्याकाळी या घरात त्याचा आवाज झाला नव्हता असा एकही दिवस तिला आठवेना.

तिनं वर पाहिलं, पण तिला नीट दिसेना. गाडीत बसून तिनं अडकित्ता मांडीवर धरला आणि ड्रायव्हरला चला म्हणाली. गाडी हलली तेवढ्यात वरून हाक आली.

“दाक्षा! हातातल्या पिशवीत ठेवू नगंस त्याला. मोठ्या बॅगंत घाल. विमानात नेऊ देत न्हाईत, मी इचारून ठेवलंय.”