हौसाच्या गाऱ्हाण्यातले मुसळ

मित्रांनो, खैराच्या लाकडाचे, पायात लोखंडी कडे ल्यालेले जुने मुसळ मी. हौसाच्या लग्नात तिच्या बापाने तिच्याबरोबर मलाही रत्नागिरीजवळच्या तिच्या सासरच्या वाडीत धाडले. आम्ही दोघांनी मिळून किती भात सडले! शेजारची मथुरा म्हणायची, "हौसाचा हात म्हंजे हात!"

तोच हात भागोजीने मोडला. भागोजी तिचा नवरा, मुंबईला नोकरीला असायचा. १९८५ च्या शिमग्याला तो घरी आला आणि आमटी अळणी झाली म्हणून भर अंगणात त्याने मला तिच्यावर घातले. मला तोंड असते तर मी तेव्हाच ओरडले असते! तोंडे असलेली वाडी मात्र गप्प राहिली. "नवराबायकोचा मामला," म्हणे. पोलीस पाटील श्रीपतीदादा विचारायला आले. "बायकोला छळणाऱ्याला शिक्षेचा नवा कायदा झालाय, बाय. पण साक्षीला कोण?"

कोणीच नाही!

दोन दिवसांनी ग्रामदेवाची पालखी अंगणात आली. ढोल थांबला. मानकऱ्याने देवाला गाऱ्हाणे घालायचे आणि दर वाक्याला सगळ्यांनी होकार द्यायचा, ही आमची रीत. मानकरी तोंड उघडतो तोच हौसा धड असलेल्या हाताने मला ओढत पुढे आली. उखळात डोके घातल्यावर मुसळाला काय भ्यायचे!

"देवा म्हाराजा, ह्या मुसळानं माज्या घोवानं माजा हात मोडलान!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सारी वाडी गरजली.

"ह्या समद्यांनी तां बगितलांनी!"

"व्हय म्हाराजा!"

 आपण काय बोलून बसलो ते सगळ्यांना आत्ता कळले! भागोजी पांढराफटक पडला.

श्रीपतीदादा पुढे झाले. "देवासमोर बोललात. आता कोर्टात जीभ फिरवाल?"

कोणाची छाती होती! रत्नागिरीच्या कोर्टात मी मुद्देमाल झाले; कमरेला चिठ्ठी, वर लाखेचे सील! काय माझा थाट! पहिली साक्ष मथुराची. वकिलांनी विचारले, "हेच का ते मुसळ?" तिने हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" न्यायाधीशसाहेबही हसले.

भागोजीला शिक्षा झाली. जाता जाता म्हणतो कसा, "मुसळ माज्या घरातलं हाय." हौसा ताडकन उठली. "माज्या बापानं दिलेलं. माजं हाय!" आणि कोर्टाने मला तिच्याच हाती दिले.

आता आम्ही तिच्या माहेरी असतो. तिचा हात जरा वाकडाच सांधला, त्यामुळे माझा ठोका पूर्वीसारखा सरळ पडत नाही. त्याचे मला अजून वाईट वाटते. म्हणून सांगते मित्रांनो, शेजारी कोणी मार खात असेल तर पालखीची वाट पाहू नका. तुम्ही बघितलेत ना? मग म्हणा, "व्हय."