भुईगावच्या किनाऱ्यावरची मागणी

वसई स्टेशनजवळच्या ज्या स्टुडिओत प्रिस्का फोटो काढायची, तिथे एकदा बोरिवलीचा एक मुलगा आला. आवाज खाली आणून म्हणाला, समुद्रावर एका मुलीला लग्नाचं विचारायचं आहे, आणि तिला पत्ता लागू न देता त्याचे फोटो हवेत. २००३ साल नुकतं लागलं होतं. तेव्हा असली कामं फारशी येत नसत. ठरल्याप्रमाणे प्रिस्का भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांआड लपली, मुलगा गुडघ्यावर बसला, मुलीने तोंडावर हात घेतला, रडली, हसली, हो म्हणाली, आणि रोल संपला.

जेवताना तिने हे घरी सांगितलं. घर म्हणजे गिरीजला केळीच्या वाडीतलं, आणि घरात ती आणि तिचे वडील क्लेमेंट, दोघंच. आई, फिलोमिना, जाऊन चार वर्षं झाली होती. क्लेमेंट स्वभावाने अबोल. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून वाडी आणि चर्चमधला गायकवृंद, एवढंच त्यांचं जग. पण त्या दिवशी त्यांनी घास हातातच धरून विचारलं, की तो मुलगा खरंच गुडघ्यावर बसला का, आणि त्याला कुणी हसलं नाही का.

पुढे काही दिवस तो विषय निघाला नाही. मग एका सकाळी केळीचा घड उतरवताना ते तिच्याकडे पाठ करूनच म्हणाले, "तसा एक फोटो माझाही काढशील?"

प्रिस्काला आधी उलगडाच होईना. झाला तेव्हा तिच्या तोंडून फक्त "कोण?" एवढंच निघालं.

पापडीची आल्बिना. गायकवृंदात पहिल्या रांगेत उभी राहायची, बँकेत नोकरीला होती, पंचेचाळिशी उलटलेली. वडील लवकर गेले तेव्हा तिनेच दोन्ही धाकट्या भावांना शिकवलं, त्यांची लग्नं लावून दिली, आणि आता म्हाताऱ्या आईला घेऊन राहत होती. या सगळ्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. गावात तिच्याविषयी सगळे चांगलंच बोलत, पण एखाद्या भक्कम भिंतीविषयी बोलावं तसं.

क्लेमेंटची पंचाईत अशी, की आल्बिना त्यांना इतरांसारखंच क्लेमेंटभाऊ म्हणायची. मध्यस्थ घालून रीतसर मागणी घालावी, तर ती भिडेपोटी हो म्हणायची किंवा तिचे भाऊ तिच्या वतीने नाही म्हणायचे.

"तिला आजवर सगळ्यांनी सांगितलंच आहे," ते म्हणाले. "हे कर, ते बघ. विचारलं कुणीच नाही. मला विचारायचंय."

आपला बाप असं काही बोलू शकतो, हे प्रिस्काने प्रथमच ऐकलं. तिला त्यांचा इतका अभिमान वाटला, की त्या भरात तिने सगळं अंगावर घेतलं.

बेत सोपा होता. गायकवृंदाला पूर्वी शिकवणारे इग्नेशियस मास्तर आता थकून भुईगावला घरीच असत. रविवारी दुपारी क्लेमेंट आणि आल्बिना त्यांना भेटायला जात. तिथून समुद्र हाकेच्या अंतरावर. प्रिस्काने वडिलांना आदल्या दिवशी नेऊन जागा दाखवली. दोघांचेही चेहरे बाजूने उन्हात दिसायला हवेत, म्हणून समुद्र तुमच्या एका कुशीला राहू द्या, कॅमेऱ्याकडे बघू नका, घाई करू नका. क्लेमेंटनी वहीत लिहून घ्यावं तशा गंभीरपणे सगळ्याला मान हलवली.

रविवारी ती आधीच जाऊन झाडांत बसली. ओहोटी लागली होती. ओल्या काळ्या वाळूवर उन्हाची चकाकी होती आणि लांबवर दोन-चार माणसं शिंपल्या वेचत होती. थोड्या वेळाने दोघं आली. क्लेमेंटनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, आल्बिनाने चर्चला नेसायची निळी साडी.

क्लेमेंट ठरल्या जागेच्या कितीतरी पुढे निघून गेले, आणि थांबले ते नेमके कॅमेऱ्याकडे पाठ करून. प्रिस्काने कपाळाला हात लावला. मग भिंगातून तिला दिसलं, की त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी नीट केली, वाळूवर ठेवला आणि त्यावर दुखरा गुडघा टेकला. टेकताना तोल गेला, तेव्हा एक हात वाळूत रोवला. प्रिस्काला वाटलं होतं, आपल्याला हसू येईल. तिचं बोट बटणावरच थिजलं.

आता वडिलांच्या खांद्यावरून आल्बिनाचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तिने तोंडावर हात घेतला नाही. कोण बघतंय म्हणून इकडेतिकडेही पाहिलं नाही. तिने त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. मग पदर सावरला आणि त्या निळ्या साडीनिशी सरळ ओल्या वाळूत त्यांच्यासमोर बसली. माणूस खाली बसलाय आणि आपण उभ्या, हे तिला पटलं नाही, एवढंच. प्रिस्काने फोटो काढला. एकामागून एक काढतच गेली.

दोघं बराच वेळ बोलत होती. नंतर आल्बिना उठली, साडीची वाळू झटकली आणि थेट सुरूच्या झाडांकडे चालत आली. प्रिस्काला कुठे पळावं कळेना.

"बाहेर ये गं," आल्बिना म्हणाली. "तुझी स्कूटर गल्लीच्या तोंडाशीच उभी आहे. येतानाच पाहिली मी."

प्रिस्का ओशाळून पुढे आली. चिडली असेल असं वाटलं, पण आल्बिनाचा चेहरा शांत होता.

"तुझ्या पप्पांनी मला विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आधी तुला विचारायचं होतं."

"अहो आंटी, सगळा बेत तर माझाच," प्रिस्का घाईने म्हणाली. "मला आनंदच आहे."

"बेत करणं वेगळं. मी फिलोमिनाच्या घरात येण्याबद्दल विचारतेय. तिथे आता तू आहेस."

इतके दिवस प्रिस्का जागा, ऊन, रोल यांचाच विचार करत होती. त्या फोटोनंतर घरात काय होईल, चुलीपाशी कोण उभं राहील, हे तिने मनात येऊच दिलं नव्हतं. आल्बिनाने तिला घाई केली नाही.

"तू नाही म्हणालीस तरी चालेल," ती म्हणाली. "पप्पांना काय सांगायचं ते मी बघेन. तुझं नाव मध्ये येणार नाही. पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये पहिल्या रांगेतूनच गाणार आणि त्यांच्याशी आजच्यासारखीच बोलणार."

तेव्हा प्रिस्काला खरं ते बोलता आलं. पप्पा एकटे आहेत हे तिला दिसत होतं, आंटीही तिला आवडायची. भीती एकाच गोष्टीची होती. घरात आईचं नाव हळूहळू निघेनासं होईल, आणि ते कुणी मुद्दाम केलेलं नसेल.

आल्बिनाने थोडा विचार केला. "तिची जागा मी घेणार नाही, असं म्हणायची पद्धत आहे. ते खरं नसतं. घरात आलं की थोडी जागा घ्यावीच लागते. पण तिचं नाव काढताना तुला माझ्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. एवढं मी करेन."

प्रिस्का तिच्याकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं या बाईला. आणि हाती आलेलं ते सुख घट्ट धरण्याआधी ती दुसऱ्याची परवानगी मागायला वाळू तुडवत आली होती. तेही अशा मुलीची, जी झाडामागे लपून तिचे फोटो काढत होती. आपल्याला हे जमलं असतं का, असं प्रिस्काच्या मनात आलं, आणि उत्तर तिला ठाऊक होतं.

"तुम्ही हो म्हणा, आंटी," ती म्हणाली. "मनापासून सांगते."

क्लेमेंट पाण्याच्या कडेला चपला हातात घेऊन उभे होते. या दोघींचं काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता, पण ते जवळही आले नव्हते. आल्बिना परत गेली. आता प्रिस्काही न लपता मागोमाग गेली. आल्बिनाने त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. नोकरी सोडणार नाही, आणि आई माझ्याबरोबर येईल. क्लेमेंट म्हणाले, आईंसाठी पूर्वेकडची खोली त्यांनी डिसेंबरातच रंगवून घेतली आहे. प्रिस्काला आठवलं, तेव्हा तिने विचारलं होतं, ही एकच खोली का, आणि पप्पा म्हणाले होते, रंग उरला होता.

आल्बिना खळखळून हसली. तो फोटो मात्र प्रिस्काचा हुकला, कारण तीही हसत होती.

आईला बाहेरून कळायच्या आत आपणच सांगायला हवं, असं आल्बिनाचं म्हणणं पडलं. एका स्कूटरवर तिघं मावणार नव्हती. म्हणून ती प्रिस्काच्या मागे बसली आणि नवरदेवाला भुईगावच्या स्टॉपवर बसची वाट बघत सोडून दोघी पापडीला निघाल्या. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं, मुलीच्या साडीवरच्या वाळूकडे पाहिलं, आणि प्रिस्काला विचारलं, तुला भूक लागली असेल ना. मग ती भिंतीला धरत धरत स्वतः उठली आणि तिने रोट्यांचा डबा काढला.

ईस्टरनंतर लग्न झालं. त्याआधी चर्चमध्ये लग्नाची घोषणा झाली त्या रविवारी काही जण कुजबुजले, या वयात कशाला म्हणून. आल्बिनाचा धाकटा भाऊ तर फोनवर चांगलाच तडकला. आल्बिनाने त्याच्याशी वाद घातला नाही. प्रिस्काकडून तिने वाळूत बसलेल्या त्या दोघांच्या फोटोची एक प्रत मागून घेतली आणि त्याला पोस्टाने पाठवली. बरोबर चिठ्ठीसुद्धा नाही.

लग्नाच्या सकाळी पहिला तोच आला. बहिणीचा हात धरून तिला वेदीपर्यंत आपण न्यायचं, असं त्याने थोरल्या भावाला आधीच बजावून ठेवलं होतं.