तीनदा धुतलेला नळ

आनंदा साळवे चर्चचा पंच. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा प्याला बाकाबाकापाशी न्यायचा मान त्याचा. प्रार्थनेला उभा राहिला की दहा मिनिटं खाली बसत नाही. ‘शत्रूंवर प्रीती करा’ तर तोंडपाठ. आणि हाच माणूस डिलाईल रोडच्या आपल्या चाळीत अकरा नंबरच्या दारावरून जाताना मान फिरवून घ्यायचा. बासष्ट वर्षांचा झाला तरी.

अकरा नंबरात मालवणकडची सुभद्राकाकी. समोरच गॅलरीतला सामाईक नळ. आनंदाच्या आईचा हंडा भरला की सुभद्राकाकी पुढे यायची, तांब्याने नळ तीनदा धुवायची आणि मगच आपली कळशी लावायची. सगळ्यांदेखत. येशूकडे गेलं की जात सुटते असं आनंदाच्या आज्याला वाटलं होतं. त्या नळापाशी ती सुटली नव्हती.

आता सुभद्राकाकी शहाऐंशीची. दिवाळीनंतर अर्धांग झालं, डावी बाजू गेली. मुलगा निलेश आणि सून सकाळी सातला कामावर जातात, रात्रीच उगवतात. मग तिला पुसायला, कूस बदलायला रोज कोण जातं? आनंदाची बायको कौसल्या. परळच्या हॉस्पिटलात तीस वर्षं आयाबाई होती ती.

“तुला लाज नाही वाटत?” आनंदा भडकला. “माझ्या आईला काय वागवलंय तिने!”

“माझ्यामागेही धुतलाय नळ. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी.”

“आणि तरी जातेस?”

“पाठीला जखम पडलीय तिच्या. जखमेला काय विचारू, तू कोणाची म्हणून?”

एकदा तो रागारागाने मागोमाग गेला, हिला ओढूनच आणायची म्हणून. दाराशी थबकला. आत कौसल्या स्वच्छ आवाजात म्हणत होती, “काकी, तुम्ही माझ्यामागे नळ धुवायचात. मी विसरलेली नाही. चला, आता उजव्या कुशीवर.”

आणि मग तिचे हात. एक मानेखाली, एक कमरेखाली. म्हातारी वळली आणि हूं की चूं केलं नाही. जखमेवरची पट्टी कौसल्येने अशी उचलली, जणू खाली कोणी झोपलंय. घाण होती, वास होता. तिच्या कपाळावर आठी नव्हती. आनंदाने एकोणीस वर्षं प्याला धरला होता, पण इतक्या जपून कधी काही धरलं नव्हतं. तो आल्यापावली परतला. त्या दिवशी जेवताना बायकोकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

पण राग? तो होताच. जागचा हलला नव्हता.

गुरुवारी कौसल्येची कंबर धरली. उठता येईना.

“आज तुम्ही जा. नुसतं पाणी पाजा.”

“मी? त्या बाईला?”

“रविवारी प्याला धरणार ना? की तिथं फक्त ओळखीच्या तहानेलाच द्यायचं असतं?”

हा घाव वर्मी बसला. रविवार तीन दिवसांवर होता. आनंदा उठून गेला.

काकीचा माठ रिकामा होता. आनंदा तांब्या घेऊन नळापाशी आला आणि त्याच्या डोक्यात सणक गेली. उघड्या दारातून काकी खाटेवरून सगळं बघत होती. बघू दे. त्याने तांब्या भरला आणि नळावर ओतला. एकदा. साठ वर्षं साठलेलं होतं ते. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. दोनदा.

“तीनदा धू रे मेल्या.” आतून बोबडा आवाज आला. “मी तीनदा धुवायचे.”

आनंदाचा हात हवेत राहिला.

“तुझी आवस मागे हंडा घेऊन उभी असायची. तिच्याकडे वळून बघायचा धीर नाय झाला कधी.” तिच्या चालत्या डोळ्यातून पाणी गळत होतं, ते पुसायला चांगला हातही तिला उचलवत नव्हता. “आता माका पाणी दी.”

तिसऱ्यांदा तांब्या भरला तो नळासाठी नव्हता.

त्याने तिचं डोकं तळव्यावर उचललं. रिकाम्या करवंटीएवढं हलकं! ह्या डोक्याची एवढी भीती बाळगली होती त्याने? ती घोट घोट प्याली. अर्धं पाणी त्याच्या बाहीवर सांडलं. चर्चमध्ये भरल्या प्याल्यातला थेंबही त्याने कधी सांडला नव्हता. तोंडपाठ वचनांतलं एकही आठवेना. खोलीत तिसरं कोणी उभं असावं तसा तो दबून गेला.

नळ धुतला जाताना आईने गप्प राहायला नको होतं, हे त्याचं मत आजही कायम आहे.

“काकी,” तांब्या खाली ठेवत तो म्हणाला, “कूस बदलायची? कौसल्या कशी बदलते?”

“आधी सुनावते,” काकी म्हणाली. “मग वळवते.”

आनंदा खाटेच्या कडेला बसला आणि त्याने सुनावलं. आईच्या हंड्यापासून सगळं. म्हातारीने डोळा मिटला नाही. संपल्यावर त्याने एक हात तिच्या मानेखाली घातला, एक कमरेखाली.