पाण्याकडची बाजू

माघ उतरणीला लागला होता. सकाळचे ऊन कोवळे, केशरधूसर, दवाने जडावलेले. आणि त्या उन्हाखाली क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरलेली काळी, सपाट, चढउतार कधी न शिकलेली भूमी. शाळू हुरड्यात आला होता. उसाला तुरे फुटले होते. आणि या साऱ्या हरितश्वेत विस्तारामधून, कुणी दोरी धरून आखावा तसा, कालवा चालला होता.

इंग्रजी अमदानीत, दुष्काळी कामावर आलेल्या हजारो उपाशी हातांनी खणलेला हा कालवा. दगडी मोऱ्या, दगडी पूल, मैलामैलावर दगडी खुणा. मंदगामी, मृत्तिकावर्ण, निःशब्द पाणी. एका पिढीने खणलेले आणि पाच पिढ्यांनी प्यालेले पाणी. रब्बीचे आवर्तन सुटले होते, म्हणून ते काठोकाठ भरून वाहत होते. हातभर खाली असते, तर कुमुदच्या जिवाला जरा स्वस्थता असती.

काठावरच्या मातीच्या वाटेने दोन सायकली चालल्या होत्या. एकीवर हणमंतराव बोराटे, कालव्यावरचे निवृत्त निरीक्षक, वय अडुसष्ट, गळ्याला मफलर, पाठ ताठ. दुसरीवर, अर्धे चाक मागे, पाण्याच्या अगदी कडेने, त्यांची पत्नी कुमुद. वय साठ. पोहता येत नाही.

बत्तीस वर्षे हणमंतरावांनी या कालव्यावर सायकल मारली. पण ती आपल्या हद्दीतली, आठ मैल खाली आणि आठ मैल वर. ‘पाणी शेवटी कुठे जाऊन संपतं ते मी पाहिलंच नाही,’ असे ते दर उन्हाळ्यात म्हणायचे. म्हणून ही सहल. धरणापासून शेवटच्या मैलापर्यंत, रमतगमत, झाडाझाडाखाली चहा पीत, कालव्यावरच्या जुन्या सरकारी बंगल्यांवर मुक्काम करत, चार दिवसांची. आज दुसरा दिवस होता.

सहल त्यांची होती. भीती तिची होती.

दिवाळीत त्यांच्या डाव्या पायाने उंबऱ्यावरची पणती उलथली. ‘वाऱ्याने पडली,’ ते म्हणाले. वारा नव्हता. मग डाव्या हाताशी ठेवलेला चहा सांडू लागला, डाव्या बाजूने आलेला माणूस ‘अचानक’ येऊ लागला. आणि मग एक दिवस, पंक्चर काढायच्या डब्यात, सोल्युशनची नळी आणि काचकागद यांच्या मध्ये, तिला डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली सापडली. बाटलीभोवती डॉक्टरचा कागद. काचबिंदू. डावा डोळा गेलेला. सायकल चालवू नये.

तिने कागद होता तसाच घडी करून ठेवला. ते बोलले नाहीत, तिने विचारले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या घरात अशा दोन मुठी झाकलेल्या होत्या.

बोलायला हवे होते, हे तिला कळत होते. पण हा माणूस सायकलवरच मोठा झालेला, सायकलवरच मुलगी बघायला आलेला, बापाला दवाखान्यात नेले तेही सायकलवर. ती काढून घेतली तर याच्यात मागे काय उरेल, या विचाराने तिचे ओठ मिटून जात. एवढी सहल होऊ दे, तिने स्वतःला बजावले. मग बोलू.

आणि मार्गशीर्षात, साठीच्या उंबऱ्यावर, कुमुद सायकल शिकायला गेली. शाळेच्या मैदानावर, नऊवारी सोडून सलवार चढवून. गावाला महिनाभर फुकटची करमणूक झाली. म्हातारीला पंख फुटले, बायका म्हणाल्या. दोन्ही गुडघे सोलले, कोपर सुजले, पण ती शिकली. हणमंतराव जो भेटेल त्याला अभिमानाने सांगत होते, माझ्या नादाने शिकली म्हणून. तिने त्यांना तसे सांगू दिले.

शिकण्याचे कारण एकच होते. वाटेवर तिला पाण्याकडची बाजू हवी होती.

“कुमुद, तू आतनं चालव,” ते आज तिसऱ्यांदा म्हणाले. “पाण्याकडनं मी येतो.”

“मला पाणी बघायचंय.”

“पडशील एखाद्या वेळी.”

“तुम्ही आहात की काढायला.”

ते हसले. ती हसली नाही. तिचे डोळे त्यांच्या पुढच्या चाकावर होते, आणि चाकापासून पाण्यापर्यंतच्या मातीवर होते, आणि ती माती कुठे चार हात होती, कुठे दोन हात, कुठे खेकड्यांनी पोखरून एक वीतच उरली होती. पाणी, मग ती, मग ते. बाभळीची फांदी आली. ती पुढे होऊन फांदी अंगावर घेई. दगड आला, ती घंटी वाजवून त्यांना उजवीकडे सारी. पाणी, मग ती, मग ते. कालचा सारा दिवस असा गेला होता, आणि रात्री बंगल्यावर तिच्या मुठी उघडत नव्हत्या.

किती सुंदर सकाळ होती ती! करंजांच्या छायेतून उन्हाची नाणी वाटेवर सांडलेली. पाण्यावरून निळा, क्षणभंगुर, एक खंड्या सरकून गेलेला. दूर कुठे हुरड्याच्या आगटीचा धूर, शेणीच्या वासाचा, रेंगाळत उभा. हणमंतराव ते सारे एका डोळ्याने आकंठ पीत होते आणि जुन्या गोष्टी सांगत होते. कुमुदला त्यातले काही दिसत नव्हते, काही ऐकू येत नव्हते. दोन धड डोळ्यांची बाई त्या सकाळी वीतभर मातीपलीकडे काहीही पाहत नव्हती.

दहाच्या सुमारास बारामोरी आली.

बारा कमानींचा तो पूल. खालून ओढा जातो, वरून कालवा जातो. पाणी पाण्याला ओलांडते. रुंद, आळसावलेला कालवा तिथे दगडी पन्हाळात शिरतो, अरुंद होतो, आणि एरवी मुके असलेले ते पाणी एकाएकी गर्जू लागते. पन्हाळाच्या कडेने वाट आहे, एका सायकलीपुरती. उजवीकडे छातीएवढा दगडी कठडा आणि त्याखाली खोल ओढा. डावीकडे पाणी. शेजारी शेजारी चालवायला तिथे जागा नाही.

पुलाच्या तोंडाशी डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई त्यांना वाट देत थांबली.

“बोराटे सायेब न्हवं? लई दिसांनी.”

हणमंतरावांनी आवाज ओळखला. “पारूबाई! अजून तूच गवत कापतीस व्हय?”

“मग कोण कापंल? उतरा सायेब, हितनं आता समदी चालतच जात्यात.”

“बत्तीस वर्षांत मी कधी उतरलोय का गं हितं?”

हे खरे होते. बारामोरीवर ते कधी उतरले नव्हते. उलट मधोमध पोचल्यावर, सीटवर बसल्या बसल्या, डावा हात पाण्याकडच्या लोखंडी कठड्यावर टेकून ते घटकाभर थांबत, खालचे पाणी बघत, आणि पुढे जात. हा त्यांचा नेम सगळ्या कालव्याला ठाऊक होता.

“भिऊ नकोस, कुमुद,” ते वळून म्हणाले आणि त्यांनी डावीकडे हात केला. “हा कठडा आहे पाण्याकडनं. माझ्या देखत बसवलेला. हिरवा रंग मीच पसंत केला होता.”

कुमुदने पाहिले. कठडा नव्हता. दगडात रुतलेले, गंजून लाल झालेले, बोटभर उंचीचे खुंट तेवढे ओळीने उरले होते. बाकीचे लोखंड कुणी तरी केव्हाच कापून नेले होते. खुंटांपलीकडे पाणी होते, वेगवान, गढूळ, दीड पुरुष खोल, आणि त्याच्या दोन्ही भिंती शेवाळाने गुळगुळीत. पारूबाईने कठड्याचे काही सांगितले नाही. डोळ्यांसमोरची गोष्ट कोण कुणाला सांगते?

कुमुदने तोंड उघडले. तोवर त्यांनी पायडल मारले होते.

तीही निघाली. पहिली कमान गेली, दुसरी गेली. आता पाण्याच्या आणि त्यांच्या मध्ये ती नव्हती, कुणीच नव्हते. त्यांची पाठ ताठ होती, मफलरचे टोक उडत होते, चाक खुंटांपासून हातभर अंतरावरून सरळ, अगदी सरळ चालले होते. बत्तीस वर्षांची वाट पायांना पाठ होती. चौथी गेली, पाचवी गेली.

“अहो,” तिने हाक मारली. पाण्याने ती गिळली. “अहो, थांबू नका! हात टेकू नका!” पाणी गर्जतच राहिले.

आणि सहाव्या कमानीवर, सवयीने, निर्धास्तपणे, ते सावकाश झाले. खांदे सैल पडले. डावा हात हँडलच्या मुठीवरून सुटला आणि जिथे हिरवा कठडा असायचा त्या रिकाम्या, झगझगीत उन्हाकडे गेला. देह त्या हातामागे झुकू लागला.

कुमुदने विचार केला नाही. करायला वेळही नव्हता. ती पायडलवर उभी राहिली आणि आपले पुढचे चाक तिने सगळ्या ताकदीनिशी, डाव्या अंगाने, त्यांच्या मागच्या चाकावर घातले.

हणमंतराव उजवीकडे कोसळले. खांदा दगडी कठड्यावर आदळला, कोपर सोलवटले, सायकल पायांत अडकली. कुमुद खुंटांवर गुडघा टेकून, एक हात पाण्यावर लोंबता, कशीबशी थांबली. तिच्या सायकलीचे मागचे चाक पाण्यावर गरगर फिरत राहिले.

“दिसत नाही का तुला?” ते ओरडले. चाळीस वर्षांत ते तिच्यावर इतके कधी ओरडले नव्हते.

“मला दिसतंय,” ती म्हणाली. “तिथं कठडा नाही.”

त्यांनी तिच्याकडे पाहिले. मग मान पुरती वळवून, उजवा डोळा तिकडे नेऊन, त्यांनी पाहिले. खुंट पाहिले. पाणी पाहिले. आपला डावा हात पुढे करून त्यांनी त्या मोकळ्या हवेत दोनदा चाचपले, आणि हात मांडीवर परत घेतला. तोंडावरचा सगळा राग उतरला आणि तिथे म्हातारपण दिसू लागले.



“पारू बघतीय का?” त्यांनी हळूच विचारले.

पुलाच्या तोंडाशी पारूबाई भारा खाली टाकून, तोंडावर पदर धरून उभी होती. “गेली ती,” कुमुद म्हणाली.

“डाव्या डोळ्यानं काही दिसत नाही, कुमुद.”

“माहीत आहे.”

“कधीपासनं?”

“पंक्चरच्या डब्यात बाटली सापडली तेव्हापासनं.”

ते दगडाला टेकून बसून राहिले. तिचे सोललेले गुडघे, शाळेचे मैदान, कालपासून तिने चालवलेली ती कडेची वाट, हे सगळे त्यांच्या मनात एकेक करून जागेवर बसत गेले असावे. कारण त्यांचा चेहरा बदलत गेला. “म्हणून सायकल शिकलीस,” ते म्हणाले.

तिला वाटले होते की हा क्षण आला की आपल्याला त्यांची दया येईल. दया आली नाही. तीन महिने दातांखाली धरलेला राग आला, आणि त्याच्यामागोमाग रडू आले. “कालपासून पाण्याकडनं चालवतेय मी,” ती म्हणाली, “आणि मला पोहता येत नाही. तुम्ही एक शब्द बोलला असतात, तर दोघं मिळून भ्यालो असतो. मी एकटीच भीत होते.”

 त्यांनी गळ्यातला मफलर काढला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला, आणि तिच्या गुडघ्यावरचे रक्त पुसले. मग उठले, आपली सायकल उभी केली. हात सीटवर थोडा वेळ ठेवला. कुमुद पाहत होती; पुढे काय होणार ते तिला ठाऊक नव्हते. त्यांनी हात सीटवरून काढला आणि हँडलच्या मुठीवर ठेवला.

“इथनं पुढं चालत,” ते म्हणाले.

“शेवटचा मैल अजून चाळीस मैलांवर आहे.”

“असू दे. आपल्याला कुठं हजेरी द्यायचीय?”

आवाज थट्टेचा होता, पण तो मध्ये तुटला, आणि तिने तो तुटलेला ऐकला. एका माणसाची सायकल सुटली होती. ती सुटणे सोपे नव्हते, आणि त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते. ती पुढे झाली, ते मागून आले, आणि उरलेल्या सहा कमानी त्यांनी सायकली हातात धरून, एकामागे एक, चालत ओलांडल्या.

पलीकडे वाट पुन्हा रुंद झाली. पाणी पुन्हा मुके झाले. ते चालता चालता थांबले; क्षणभर कुणी कुठून चालायचे तेच ठरेना. मग हणमंतरावांनी आपली सायकल उजवीकडे घेतली, शेताच्या अंगाला, आणि पाण्याकडची बाजू मोकळी करून दिली. न सांगता, न वाद घालता. कुमुद त्या बाजूला आली.

“डावीकडे काय आहे?” त्यांनी विचारले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच विचारले.

तिने पाहिले. कालपासून पहिल्यांदाच मातीवरून मान वर करून पाहिले. “पलीकडच्या काठाला करडई फुललीय. पिवळी, मध्ये मध्ये शेंदरी झालेली. पार लांबपर्यंत. एक म्हातारा मेंढ्या धुतोय. बगळे आहेत, नऊ. नाही, दहा; एक उसात होता.”

“आणि पाणी?”

“आहे,” कुमुद म्हणाली. “माझ्या बाजूला आहे.”

त्यांनी मान हलवली. आणि मग पुढे, माघाच्या त्या कोवळ्या, सर्वस्पर्शी, सुवर्णपिंगट उन्हात, फुललेल्या करडईचा पिवळा उजेड कालव्याच्या पाण्यावर लांबवर सांडत गेला. आणि कुमुद तो त्यांना सांगत राहिली, शब्दाशब्दाने, पावलापावलाने, सावकाश, सावकाश.