नमुन्याची सही

"कोपर धरू नकोस गं," ऑरिन म्हणाला. "माझी सही आहे, माझी मी करतो."

त्याच्या बायकोने, व्हर्नाने, हात मागे घेतला. निवडणूक कार्यालयाच्या काउंटरपलीकडे जोलीन पेन घेऊन उभी होती. टपालाने आलेल्या ऑरिनच्या मताच्या पाकिटावरची सही कार्यालयात ठेवलेल्या त्याच्या जुन्या नमुन्याशी जुळली नव्हती. समोर येऊन पुन्हा केली नाही, तर मत बाद.

"तुम्हाला बोलवायचं मला अगदी जिवावर आलं होतं," जोलीन म्हणाली.

"मला सूट दिली असतीस, तर इथे येऊन ओरडलो असतो."

गावातल्या निम्म्या पाट्या ऑरिनने रंगवलेल्या. न्हाव्याची, बेकरीची, आगीच्या बंबावरचं नावसुद्धा. या कार्यालयाच्या दाराच्या काचेवरची सोनेरी अक्षरंही त्याचीच, पट्टी न लावता एका दमात ओढलेली. आता तोच हात सूपचा चमचा तोंडापर्यंत पोचू देत नव्हता.

गांजाच्या अर्काचे थेंब जिभेखाली ठेवले की हात थोडा वेळ ऐकायचा. पण दुकान खिंडीपलीकडे. मागच्या हिवाळ्यात थेंब आणायला गेलेल्या व्हर्नाची गाडी बर्फावरून घसरून कठड्याला टेकली होती. तेव्हापासून ऑरिनला झोप नव्हती. यंदा गावाने कौल द्यायचा होता: असं एक दुकान इथे उघडू द्यायचं का, आणि त्याचा कर रुग्णवाहिकेला द्यायचा का. त्याने मत भरलं तेव्हा खिंड बंद होती आणि बाटली रिकामी. आजही तसंच होतं.

"दुकान आलं की गाव बिघडेल, म्हणतात चर्चमधले," जोलीन हळूच म्हणाली.

"बिघडायला उरलंय कोण? सगळे गुडघे धरून बसलेत!"

हसता हसता त्याने पेन टेकवलं. पहिलं अक्षर उठलं, भरकटलं. पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. व्हर्ना खिडकीबाहेर बघत राहिली.

"झाली," तो म्हणाला. कपाळावर घाम होता. "कोंबडी नाचून गेल्यासारखी दिसतेय."

"माझ्यासमोर केलीत ना, मग चालते." जोलीन घुटमळली. "आता नमुना म्हणून हीच राहील. जुनी काढून टाकावी लागेल."

"जुनी मला मिळेल का गं?" व्हर्नाने विचारलं.

जोलीनने नकारार्थी मान हलवली.

बाहेर पडताना ऑरिनने दार ओढलं, काचेकडे न बघता.

मोजणी झाली. त्याचं मत धरलं गेलं, तरी दुकानाचा प्रस्ताव पडलाच.

खिंड उघडली त्या सकाळी थेंब आणायला निघालेली व्हर्ना गाडीच्या चाकांना, बर्फावर घसरू नयेत म्हणून, साखळ्या चढवत होती. ऑरिन काठी टेकत आला.

"आत जा. गारठशील."

"बघू दे मला. घट्ट बसलीय ना?"

तो कसाबसा वाकला आणि एकेक कडी चाचपू लागला. त्याच्या बोटांखाली साखळी बारीक वाजत राहिली. व्हर्ना किल्ली हातात घेऊन तो आवाज थांबायची वाट बघत उभी राहिली.