उरानियाची विशेषणं

पन्नाशीच्या उरानियाने इंग्रजीच्या मोठ्या परीक्षेसाठी घरभर अवघड विशेषणं चिकटवली होती. नवऱ्याच्या खुर्चीवर होतं ‘इनकॉरिजिबल’, म्हणजे कधीही न सुधारणारा.

“काय गं, हे कौतुकच आहे ना माझं?” लाझारोस रोज विचारायचा.

“तर! भरपूर!”

ग्रीसमधल्या वोलोस शहरात तोंडी परीक्षेत समोर एक कडक इंग्रज बाई बसल्या होत्या. त्यांनी एका बाळाचा फोटो पुढे सरकवला आणि वर्णन करायला सांगितलं. उरानियाची गाडी सुसाट सुटली. ‘रेडियंट’, ‘एक्झक्विझिट’, ‘इर्रेझिस्टिबल’. एकही शब्द अडखळला नाही. पण लेकराचं एवढं कौतुक केलं, त्याला दृष्ट नको लागायला, म्हणून तिथल्या रीतीप्रमाणे सवयीने ती फोटोवर तीनदा थुंकली. थू, थू, थू! आणि मग तिने जीभ चावली. झालं! वर्षभराच्या मेहनतीवर पाणी पडलं.

बाईंनी गंभीरपणे गुण मांडले, कागद मिटला. मग पर्समधून मोबाइल काढून त्यातला एक फोटो दाखवत अस्खलित ग्रीकमध्ये हळूच म्हणाल्या, “ही माझी नात. काल सगळ्यांनी फार वाखाणली, तेव्हापासून किरकिरतेय हो. हिच्यावरही जरा थुंकता का?”